बँड क्लॅम्प: खिळखिळ्या खुर्च्यांसाठी घेतला आणि पाच खुर्च्यांवर वापरून झाला

घरात सहा जुन्या सागवानी खुर्च्या आहेत, सगळ्या कमीजास्त खिळखिळ्या, बसलं की करकर वाजणार आणि मागे टेकलं की पाठ जरा जास्तच मागे जाणार. त्या घरीच दुरुस्त करायच्या म्हणून मी एक बँड क्लॅम्प घेतला, म्हणजे ग्लू वाळेपर्यंत खुर्चीचे सांधे चहूबाजूंनी आवळून धरणारा पट्टा. आता सहापैकी पाच खुर्च्या त्यावर करून झाल्यात, तेव्हा नीट सविस्तर लिहिते, कारण मी घ्यायच्या आधी ज्याला विचारलं तो "चांगला असतो, घेऊन टाक" एवढंच सांगत होता आणि मला हवं होतं ते वेगळंच, म्हणजे खुर्चीवर तो नक्की कसा बसतो, कुठे घसरतो आणि कुठे त्याचा काही उपयोग नाही.

आधी निकाल सांगून टाकते. घ्या. जुनी खुर्ची उकलून पुन्हा चिकटवणार असाल तर ग्लूच्या आधी हाच घ्या. ५ पैकी ४, एक मार्क का कापला ते पुढे येईल.

वस्तू तशी साधीच आहे. एक इंच रुंदीचा नायलॉनचा पट्टा, साधारण ४ मीटर लांब, त्याला एका टोकाला रॅचेट (एकाच दिशेने फिरणारं दातेरी चाक आणि हँडल), आणि सोबत प्लास्टिकचे चार कोपरे. पट्टा खुर्चीच्या भोवती गुंडाळायचा, मोकळं टोक रॅचेटमधून ओढून घ्यायचं आणि हँडल मागेपुढे करत घट्ट करत जायचं, प्रत्येक वेळी टक् टक् आवाज होतो आणि पट्टा एकेक दात आवळत जातो. ट्रकवर सामान बांधायला जो पट्टा असतो त्याचंच लहान भावंड.

आता खुर्चीला हाच का लागतो? सुताराकडे असतो तो एफ क्लॅम्प किंवा लांब बार क्लॅम्प (लोखंडी दांड्यावर सरकणारे दोन जबडे) दोन समांतर बाजू दाबायला उत्तम, पण खुर्चीची सीटची चौकट तुम्ही वरून बघा, ती चौकोनी नसतेच. पुढून रुंद, मागे अरुंद. त्यामुळे बाजूच्या पट्ट्या तिरक्या जातात आणि तिथे बार क्लॅम्प लावून आवळलं की तो हळूहळू सरकतो आणि ऐन वेळी सटकतो. पट्ट्याला याचं काही वाटत नाही, कारण पट्टा दाब देतो तो जिथे वळतो तिथेच. सरळ भागावर त्याचा दाब जवळजवळ शून्य असतो, सगळा जोर चार पायांच्या कोपऱ्यांवर, आतल्या दिशेला. आणि खुर्चीचे सांधे असतात ते तिथेच! म्हणजे एका हँडलने चारही कोपरे एकाच वेळी आत ओढले जातात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की मग दुसरं काही नको वाटतं.

हा घ्यायच्या आधी मी जुन्या पद्धतीने दोरी वापरली होती, म्हणजे खुर्चीभोवती दोरीचे दोन वेढे द्यायचे, मध्ये काठी घालायची आणि पीळ देत जायचं. पद्धत वाईट अजिबात नाही, शेकडो वर्षं लोकांनी अशाच खुर्च्या केल्यात आणि आजही हातात दुसरं काही नसेल तर मी तेच करेन. पण माझ्या पहिल्या खुर्चीत काय झालं की पीळ एकाच बाजूला बसला, चौकट किंचित तिरकी झाली, आणि मी काहीही न मोजता रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सोडून जमिनीवर ठेवली तर तीन पाय टेकलेले आणि चौथा अधांतरी. ग्लू पूर्ण वाळलेला. ती खुर्ची पुन्हा उकलायला मला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मला खूप वाईट वाटत होतं, कारण आजोबांच्या वेळची खुर्ची, इतकी वर्षं टिकली आणि माझ्या घाईने तिचा एक सांधा फाटता फाटता वाचला.

पण क्लॅम्प कितीही चांगला असला तरी आतली तयारी नसेल तर तो काहीच करू शकत नाही, आणि बहुतेक लोकांचं चुकतं ते इथेच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

खुर्ची सैल झाली की आपण काय करतो, फटीत ग्लू ओततो. किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने भरतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे सरळ खिळा ठोकतो. ग्लू लाकडाला चिकटतो तो लाकडाच्या रेषांत शिरून, आणि आत आधीच्या ग्लूचा थर असेल तर नवीन पांढरा ग्लू त्या थरावर नुसता बसतो, धरत नाही. चार महिन्यांत खुर्ची पुन्हा करकरायला लागते आणि आता आत दोन थर झालेले असतात. खिळ्याचं तर विचारूच नका, लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं, खिळा तसाच राहतो, मग भोक मोठं होतं आणि एक दिवस पायच उभा चिरतो. सहापैकी दोन खुर्च्यांत कुणीतरी कधीतरी असे खिळे मारलेले होते, ते काढायला मला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

तर आधी खुर्ची पूर्ण उकला. प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेप लावून लिहा, पुढचा डावा, मागचा उजवा, वर कुठली बाजू, सगळं. हाताने बनवलेल्या खुर्चीत प्रत्येक सांधा त्याच्याच भोकापुरता घासलेला असतो, अदलाबदल झाली की काही केल्या बसत नाही. रबरी हातोडा घ्या आणि तरीही मध्ये लाकडाचा तुकडा धरूनच ठोका.

मग जुना ग्लू कुठला आहे ते ओळखायचं. मी करते ते असं, ग्लूवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं. बोट लावल्यावर चिकचिक लागलं तर तो जुना सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात तो. पांढरट, रबरासारखा झाला तर पांढरा वुड ग्लू. आणि काहीच झालं नाही तर बहुतेक इपॉक्सी, मग तिथे खरवडण्याशिवाय इलाज नाही. माझ्या चार खुर्च्यांत सरस निघाला आणि मला खरंच आनंद झाला, कारण सरस ही फार समजूतदार गोष्ट आहे, कोमट पाणी आणि थोडी ऊब मिळाली की सोडतो, आणि नवीन सरस जुन्या सरसाला धरतोसुद्धा. ज्यांनी या खुर्च्या केल्या त्यांनी त्या पुन्हा उघडता याव्यात अशाच केल्या होत्या. पांढऱ्या ग्लूला मी गरम व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवते, मग तो पटाशीने सायीसारखा निघतो.

हे खरवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ग्लू काढायचा, लाकूड नाही. आत जाणारं जे टोक असतं, सुतार ज्याला कुसू म्हणतात, ते तुम्ही पॉलिश पेपरने जोरजोरात घासलंत तर ते बारीक होणार आणि सांधा आणखी सैल. मी पटाशी उभी धरून नुसती ओढते, कापत नाही. पहिल्या खुर्चीचं एक कुसू हातात धरून खिडकीजवळ बसले होते तेव्हा तपकिरी, काचेसारखा चकचकीत सरस पापुद्र्यासारखा सुटत होता आणि खालून एकदम ताजं, पिवळसर सागवान निघालं, रंध्याच्या खुणांसकट. इतक्या वर्षांत त्यावर उजेड पडलेला नव्हता. ते बघून मी थोडा वेळ काम थांबवलं होतं.

सांधा सैल का होतो याचंही कारण त्यातच दिसतं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही पण रुंदीत बदलतं, आणि रुंदीतही सगळीकडे सारखं नाही, वर्तुळांच्या दिशेने जास्त आणि गाभ्यातून बाहेरच्या दिशेने कमी. सागवान यात चांगलं समजतात तरी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते एका दिशेला साधारण ५.८ टक्के आणि दुसऱ्या दिशेला २.५ टक्के आकसतं. म्हणून गोल केलेली खुंटी वर्षानुवर्षांनी गोल राहत नाही, किंचित लांबट होते, आणि भोक एका दिशेला धरतं, दुसऱ्या दिशेला सोडतं. मग त्यावर आपण रोज मागे रेलतो. फट कागदाएवढी असेल तर ग्लू सांभाळून घेतो, त्याहून जास्त असेल तर मी रंध्याने काढलेली पातळ ढलपी कुसवाला आधी चिकटवून घेते, वाळल्यावर घासून बसवते. पांढऱ्या ग्लूने फट भरून निघेल अशी आशा ठेवू नका, त्याचा जाड थर कमजोरच असतो. फेस येऊन फुगणारा पॉलियुरेथेन ग्लू फट भरल्यासारखा दिसतो, पण तो नुसता फेस, त्यात ताकद नाही. भोक खरंच खराब झालं असेल तर इपॉक्सी, पण मग ती खुर्ची पुढच्या माणसाला सहज उकलता येणार नाही हे लक्षात ठेवून.

आता क्लॅम्पकडे येते. पहिल्यांदा ग्लू न लावता, कोरडी खुर्ची उभी करा आणि पट्टा पूर्ण आवळून बघा. हे टाळू नका. दुसऱ्या खुर्चीत मी एका पुढच्या पायाच्या भोकात ग्लू चांगला भरभरून घातला होता, म्हटलं मजबूत होईल, आणि पट्टा आवळत गेले, सांधा दोन मिलिमीटर बाहेर राहिला, मी अजून आवळलं आणि टक् करून आवाज आला तो रॅचेटचा नव्हता. भोक आरपार नसतं, ग्लूला बाहेर जायला वाट नसते, आणि पातळ पदार्थ काही दबत नाही, तो लाकडालाच ढकलतो. पायाला वरून खाली बोटभर चीर गेली. चीर मी नंतर ग्लू भरून चिकटवली आणि ती टिकलीय, पण तेव्हापासून भोकाच्या भिंतींना ब्रशने पातळ थर आणि कुसवाला पातळ थर, तळाशी काही नाही. आधी कोरडं आवळून बघितलं असतं तर सांधा पूर्ण बसतो की नाही ते आधीच कळलं असतं.

आणि एका दमात पूर्ण खुर्ची चिकटवायला जाऊ नका. पांढऱ्या ग्लूला हाताशी वेळ मिळतो दहाएक मिनिटांचा, पिवळ्या वुड ग्लूला त्याच्या निम्माच, आणि खुर्चीत सांधे असतात दहा-बारा. मी आधी पुढचे दोन पाय आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या एक दिवस, मागची पाठ दुसऱ्या दिवशी (ही दोन्ही कामं साध्या बार क्लॅम्पने होतात कारण तिथे बाजू समांतर असतात), आणि मग शेवटी बाजूच्या पट्ट्या घालून ते दोन भाग जोडायचे, तिथे बँड क्लॅम्प.

आवळताना हात कुठे थांबवायचा हे समजणं महत्त्वाचं. रॅचेटमध्ये जोर भरपूर आहे, लाकडाला सोसेल त्यापेक्षा जास्त. सांध्याच्या कडेने ग्लूची बारीक रेघ सगळीकडून सारखी दिसली की बस्स, पुढे एक दातही नको. मग लगेच टेप घेऊन सीटच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पुढून रुंद, मागे अरुंद असली तरी डावी-उजवी बाजू सारखी असेल तर दोन्ही कर्ण सारखेच यायला हवेत. जो लांब येतोय त्या कोपऱ्यावर हाताने दाबून सरकवा, पट्टा थोडा सैल करून पुन्हा आवळा. गुण्या इथे कामाचा नाही कारण कोपरे काटकोनात नसतातच. नंतर खुर्ची सपाट टेबलावर ठेवून चारही पाय टेकतात का बघा, ग्लू ओला आहे तोवरच हे हातात असतं. तास-दीड तासाने पट्टा सोडता येतो पण मी रात्रभर ठेवते, आणि २४ तास कुणाला बसू देत नाही.

बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो, मी आता पुसत नाही. पातळ झालेला ग्लू लाकडाच्या रेषांत पसरतो आणि नंतर तिथे पॉलिश चढत नाही, पांढरट डाग राहतो. वीस-पंचवीस मिनिटं थांबा, जेलीसारखा झाला की पटाशीच्या टोकाने उचला, अख्खा निघतो.

आता तो एक मार्क. सोबत आलेले प्लास्टिकचे कोपरे काटकोनात आहेत आणि माझ्या खुर्च्यांचे पाय बाहेरून गोलसर, त्यामुळे ते बसत नाहीत, फिरतात, आणि आवळताना एक तर तिसऱ्या खुर्चीला तडकलाच. मी ते आता वापरतच नाही, जुन्या कार्पेटचे तुकडे पट्ट्याखाली घालते. काहीतरी घालावंच लागतं, नाहीतर पट्टा पॉलिशमध्ये कायमची खूण पाडतो. दुसरं म्हणजे खाली निमुळत्या होत गेलेल्या पायांवर पट्टा आवळता आवळता खाली सरकतो, त्यासाठी पायावर मास्किंग टेपचे दोन वेढे द्यायचे, त्यावर पट्टा पकडतो. तिसरं, सोडताना खटका दाबला की ताण एकदम सुटतो आणि हँडल उलटं येतं, बोटं बाजूला ठेवा. आणि जिथे पट्टा सांध्यावरून जातो तिथे खाली प्लास्टिकची पिशवी ठेवा, नाहीतर पट्टाच खुर्चीला चिकटतो.

कुठे उपयोग नाही तेही सांगते. पायांच्या खालच्या आडव्या दांड्या इंग्रजी एच सारख्या असतील, म्हणजे दोन बाजूंना दोन आणि त्यांना मधोमध जोडणारी एक, तर ती मधली दांडी पट्ट्याच्या वाटेतच येत नाही. तिला वेगळा बार क्लॅम्प हवाच. मोडलेला पाय, तिरकी गेलेली चीर, पाठीच्या उभ्या पट्ट्या, यांनाही नाही, तिथे मी सायकलची जुनी ट्यूब कापून ताणून गुंडाळते, ती कुठल्याही आकारावर बसते. आणि वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असतील तर बहुधा काहीच क्लॅम्प लागत नाही. फर्निचर बनवणाऱ्या मायकेल थोनेटची १८५९ ची ती प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नटांची, सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. तशा घडणीची खुर्ची डुगडुगत असेल तर आधी उलटी करून स्क्रू बघा, ग्लूची बाटली उघडूच नका. आणि लाकडातून बारीक पिठासारखा भुसा गळत असेल तर ते किडीचं काम आहे, आधी तिचा बंदोबस्त, मग दुरुस्ती. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

पहिली नीट झालेली खुर्ची बाबांना बसायला दिली. ते नेहमीच्या सवयीने अलगद, एक हात टेबलावर ठेवून बसले, मग हात काढला, मागे टेकले, पुन्हा एकदा मुद्दाम जोराने टेकले.

"अगं, ही आवाज करत नाही."

"नाही करणार आता बाबा, सगळी उकलून केलीय."

"मग बाकीच्या कधी?"

त्यांनी ती खुर्ची आता स्वतःची म्हणून ठरवून टाकलीय, दुसरं कुणी बसलं की लगेच लक्षात येतं त्यांच्या. त्या खुर्चीला आता सात महिने झाले, मधे पूर्ण पावसाळा जाऊन आला, एकही सांधा हललेला नाही.

घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. पट्टा ४ मीटरपेक्षा कमी नको, दोन वेढे द्यावे लागतात तेव्हा पुरत नाही. रॅचेट धातूचं हवं, प्लास्टिकचं घेऊ नका, सगळा ताण त्याच्यावरच असतो. आणि शक्य असेल तर दोन घ्या, एक सीटच्या उंचीला आणि एक खालच्या दांड्यांच्या उंचीला, कारण वरचा एकटाच आवळला की पाय खाली फाकतात. मी सध्या खाली दोरी आणि काठीचा पीळच लावते, कर्ण मोजून, आणि सहाव्या खुर्चीच्या आधी दुसरा पट्टा घेणार आहे. वापरून झाला की पट्टा रॅचेटमधून पूर्ण ओढून काढा आणि सैल गुंडाळून ठेवा, आवळलेला तसाच ठेवला की त्याला घडी पडते आणि पुढच्या वेळी बरोबर त्याच जागी तो अडकतो.